हिश्श्यांचा हिशेब : अल-ख्वारिज्मी आणि त्यांचे बीजगणित

रमजानचा चांद दिसण्याआधीच मशिदीच्या भिंतीवर, दुकानाच्या गल्ल्यामागे आणि घरातल्या फ्रिजच्या दारावर सहरी-इफ्तारचे वेळापत्रक लागते. तीस दिवस, तीस ओळी. या दिवसांत सहरीची वेळ रोज थोडी अलीकडे सरकते आणि इफ्तारची किंचित पुढे. गेली दोन-तीन वर्षे रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आहे. त्यामुळे अनेक घरांत त्या कागदाशेजारी आणखी एक कागद दिसतो, दहावीच्या परीक्षेच्या वेळापत्रकाचा. गणित भाग एक म्हणजे बीजगणित, भाग दोन म्हणजे भूमिती. रोजा ठेवून वर्गसमीकरणे सोडवणाऱ्या मुलामुलींना सहसा कुणी सांगत नाही, की या दोन्ही कागदांचा माग काढत गेले तर तो बाराशे वर्षांपूर्वीच्या बगदादमधल्या एकाच माणसाच्या दारापाशी पोहोचतो.

मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी यांचा जन्म सुमारे ७८० सालचा. नावातला ख्वारिज्म हा मध्य आशियातला मुलूख, अरल समुद्राच्या दक्षिणेला, आमूदर्या नदीच्या काठचा. आजच्या उझबेकिस्तानातले खीवा हे त्याच भागातले जुने शहर. घराण्याचे नाव तिकडचे असले, तरी त्यांचे सारे कर्तृत्व बगदादमध्ये घडले.

बगदाद तेव्हा अगदी कोवळे शहर होते. अब्बासी खलिफा मन्सूरने ७६२ साली तैग्रिस नदीच्या काठी गोलाकार तटबंदी आखून ते वसवायला घेतले. पन्नास वर्षांत तिथे चीनपासून आफ्रिकेपर्यंतचा माल उतरू लागला. त्यात ज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा माल म्हणजे कागद. समरकंदच्या वाटेने आलेली ही कला बगदादला पोहोचली आणि आठव्या शतकाच्या शेवटी तिथे कागदाचा कारखाना सुरू झाला. चामड्यावर किंवा पपायरसवर लिहिणे खर्चाचे काम होते. कागद आल्यावर पुस्तके बाजारात विकायला आली. नकलनवीस, पुस्तकविक्रेते आणि भाषांतरकार यांची एक वस्तीच उभी राहिली.

पण हा काळ नुसता सुबत्तेचा नव्हता. खलिफा हारून रशीद ८०९ साली वारला आणि त्याच्या दोन मुलांत, अमीन आणि मामून यांच्यात, गादीवरून युद्ध पेटले. बगदादला वर्षभर वेढा पडला, शहराचे मोठे भाग उद्ध्वस्त झाले आणि ८१३ साली अमीन मारला गेला. जिंकलेला मामून ८१९ मध्ये बगदादला परतला. भावाभावांतल्या वाटणीचा वाद किती नाश करू शकतो, हे त्या शहराने डोळ्यांनी पाहिले होते. अल-ख्वारिज्मी यांच्या सर्वांत प्रसिद्ध ग्रंथाचा निम्म्याहून मोठा भाग वाटणीच्या हिशेबाला वाहिलेला आहे, हा केवळ योगायोग असेलही. मात्र ज्यांनी तो प्रथम वाचला, त्यांच्यासाठी हा विषय पुस्तकी नव्हता.

मामूनला विद्येचे वेड होते. बैतुल हिकमा, म्हणजे ज्ञानाचे घर, या नावाने ओळखले जाणारे शाही ग्रंथालय त्याच्या काळात भरभराटीला आले. अल-ख्वारिज्मी तिथेच काम करत. ग्रीक वैद्यकाचे ग्रंथ अरबीत आणणारे हुनैन बिन इसहाक हे ख्रिस्ती होते. वेधशाळेचे काम पाहणारे सनद बिन अली मूळचे ज्यू. हज्जाज बिन यूसुफ यांनी युक्लिडची भूमिती अरबीत आणली. मूसा बिन शाकिरचे तीन मुलगे यंत्रांवर आणि भूमितीवर लिहीत. या सगळ्यांचा आश्रयदाता मामून मात्र वाटतो तितका मोकळ्या मनाचा नव्हता. कुरआन निर्मित आहे की अनादी, या प्रश्नावर त्याने ८३३ साली उलेमांची सक्तीने चौकशी सुरू केली आणि आपले मत न मानणाऱ्या इमाम अहमद बिन हंबल यांच्यासारख्यांना बेड्या पडल्या. ज्ञानाच्या घराचा इतिहास सांगताना हे पान गाळण्याचा मोह होतो, गाळू नये.

भारताची विद्या बगदादमध्ये याआधीच येऊन पोहोचली होती. मन्सूरच्या कारकिर्दीत, ७७० च्या दशकात, सिंधकडून आलेल्या एका शिष्टमंडळाबरोबर संस्कृत ज्योतिषग्रंथाचा जाणकार पंडित दरबारात आला. त्याच्याकडच्या विद्येचे मूळ ब्रह्मगुप्तांच्या ब्रह्मस्फुटसिद्धान्तात होते, जो त्यांनी ६२८ साली भिल्लमाळ येथे, म्हणजे आजच्या राजस्थानातल्या भीनमाळला, लिहिला होता. अल-फजारी यांनी तो अरबीत आणला आणि सिद्धान्त या शब्दाचे अरबी जिभेवर सिंदहिंद झाले. पुढच्या पिढीतल्या अल-ख्वारिज्मी यांनी त्याच परंपरेवर आपला झीज रचला. झीज म्हणजे सूर्य, चंद्र आणि पाच ग्रह यांची स्थिती काढण्याच्या कोष्टकांचा ग्रंथ. आपल्याकडच्या पंचांगकर्त्याला जे लागते, तेच सारे त्यात आहे.

दहावीच्या भूमितीत त्रिकोणमितीचे जे प्रकरण येते, त्यातल्या साइन या शब्दाचा प्रवासही याच मार्गाने झाला. संस्कृतात ज्या किंवा जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. अरबांनी तो शब्द जसाच्या तसा उचलून जीब असा लिहिला. अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. पुढे लोक तो जैब असा वाचू लागले, म्हणजे वस्त्राची घडी, खिसा. उर्दू-हिंदीतला जेब तोच. लॅटिन भाषांतरकारांनी त्या खिशाचाच अर्थ घेतला आणि सायनस हा शब्द वापरला. धनुष्याच्या दोरीची अशी घडी होत होत ती आज मराठी पाठ्यपुस्तकात साइन म्हणून परत आली आहे.

इस्लामी महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो. सूर्यास्तानंतर कोर दिसेल की नाही, हे सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या अंतरावर आणि त्या गावाच्या अक्षांशावर अवलंबून असते. नवा चंद्र केव्हा दिसू शकेल हे सांगणारे एक जुने कोष्टक अल-ख्वारिज्मी यांच्या नावावर आहे. बगदादच्या अक्षांशासाठी तयार केलेली नमाजच्या वेळांची कोष्टकेही त्यांच्या नावाने टिकून आहेत. अशा प्रकारच्या कोष्टकांत ती सर्वांत जुन्यांपैकी मानली जातात. भिंतीवरचा सहरी-इफ्तारचा कागद हा त्याच खानदानातला. विशेष असे, की याच गृहस्थांनी ८२३-२४ च्या सुमारास ज्यूंच्या पंचांगावर एक छोटा ग्रंथ लिहिला. एकोणीस वर्षांच्या चक्रात सात अधिक महिने कसे बसतात, वर्षारंभ कोणत्या वारी येतो, याची रीत त्यांनी त्यात दिली आहे. आपला धर्म पाळणाऱ्या माणसाने शेजाऱ्याच्या सणांची तारीख काढण्यासाठी इतके कष्ट घ्यावेत, हे बगदादच्या त्या दिवसांना शोभून दिसते.

अंकांवरचा त्यांचा ग्रंथ यानंतरचा की आधीचा, याला फारसे महत्त्व नाही. त्याने काय केले ते महत्त्वाचे. अरबांत तेव्हा आकडे अक्षरांनी लिहिण्याची पद्धत होती. अलिफ म्हणजे १, बे म्हणजे २, ये म्हणजे १०, काफ म्हणजे २०, काफ याच नावासारख्या उच्चाराचे दुसरे अक्षर म्हणजे १००. या पद्धतीला अबजद म्हणतात. तिचा एक अवशेष आपल्या प्रत्येक शहरात रिक्षांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर दिसतो तो म्हणजे ७८६. बिस्मिल्लाहच्या सर्व अक्षरांची अबजद किंमत मिळवली की हा आकडा येतो. व्यापारी लोक हिशेब बोटांवर आणि मनात करत. साध्या बेरजा-वजाबाक्या त्यात निभावत, पण मोठ्या गुणाकाराला ही रीत अपुरी पडे.

अल-ख्वारिज्मी यांनी भारतीयांची दहा चिन्हांची पद्धत नीट समजावून दिली. नऊ अंक आणि रिकामी जागा दाखवणारे एक लहान वर्तुळ. एकाच चिन्हाची किंमत जागेप्रमाणे दसपट होत जाते, हे आज दुसरीतल्या मुलाला एकक-दशक-शतक म्हणून कळते. तेव्हा ते मोठ्या माणसांना शिकवावे लागत होते. बेरीज, वजाबाकी, दुप्पट करणे, निम्मे करणे, गुणाकार, भागाकार, अपूर्णांक आणि वर्गमूळ, अशी त्यांची मांडणी आहे. ही गणिते तेव्हा धूळ पसरलेल्या पाटीवर बोटाने किंवा काडीने लिहीत आणि पुढची पायरी आली की आधीचा अंक पुसत. धूळपाटी हा शब्द मराठीलाही परका नाही. शून्याला अरबीत सिफर म्हटले गेले, म्हणजे रिकामे. संस्कृत शून्याचा तो सरळ अर्थ. ही रीत हिंदची आहे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. पुढे युरोपात हे अंक अरबी म्हणून प्रसिद्ध झाले, त्यात त्यांचा दोष नाही.

आता त्या ग्रंथाकडे, ज्याने त्यांना अमर केले. किताबुल जब्र वल मुकाबला. हा ग्रंथ सुमारे ८२० च्या आसपास, मामूनच्या प्रोत्साहनाने लिहिला गेला. प्रस्तावनेत त्यांनी आपला हेतू स्पष्ट केला आहे, की वारसा, मृत्युपत्रे, वाटण्या, दावे, व्यापार, जमिनीची मोजणी आणि कालव्यांची खोदाई या कामांत लोकांना नेहमी लागणारे सोपे गणित द्यावे. म्हणजे वाचक म्हणून त्यांच्यासमोर काझी, मोजणीदार आणि बाजारातला व्यापारी होता. गणिताच्या इतिहासातले इतके मोठे पाऊल अशा रोजच्या गरजेतून उचलले गेले, ही गोष्ट गणिताला घाबरणाऱ्या मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे.

जब्र म्हणजे मोडलेले जोडणे. अरबीत हाडवैद्याच्या कामालाही हाच शब्द आहे आणि स्पेनमध्ये कित्येक शतके हाड बसवणाऱ्याला अल्जेब्रिस्ता म्हणत. समीकरणाच्या एका बाजूला काहीतरी वजा होत असेल, तर ती तूट दोन्हीकडे तेवढेच मिळवून भरून काढायची, हा झाला जब्र. मुकाबला म्हणजे समोरासमोर आणणे. मराठीत आपण तो कुस्तीच्या फडात नेला, पण मूळ अर्थ साधा आहे. दोन्ही बाजूंना सारखेच काही असेल, तर समोरासमोर धरून तेवढे काढून टाकायचे. ग्रंथातलेच एक उदाहरण घेऊ. १० चे असे दोन भाग करा, की प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज केली तर ५८ यावी. एका भागाला वस्तू म्हणा. दुसरा भाग म्हणजे दहातून ती वस्तू वजा. दोघांचे वर्ग मिळवले की शंभर आणि दोन वर्ग होतात, त्यातून वीस वस्तू वजा, आणि हे सगळे ५८ बरोबर. वजा असलेल्या वीस वस्तू दोन्हीकडे मिळवल्या, जब्र झाला. आता १०० आणि दोन वर्ग बरोबर ५८ आणि वीस वस्तू. सगळ्याचे निम्मे केले की ५० आणि एक वर्ग बरोबर २९ आणि दहा वस्तू. दोन्हीकडून २९ काढले, मुकाबला झाला. उरले ते असे की एक वर्ग आणि २१ मिळून दहा वस्तू. उत्तर ३ आणि ७. पडताळा हवा असेल तर ९ आणि ४९ ची बेरीज करून पाहावी.

हे सर्व त्यांनी शब्दांत लिहिले. चिन्हे नाहीत, बरोबरची खूण नाही, आकडेसुद्धा अक्षरी. अज्ञात संख्येला शै म्हणजे वस्तू, किंवा जिज्र म्हणजे मूळ. तिच्या वर्गाला माल म्हणजे धन. आणि सुट्या संख्येला दिरहम. वजा संख्या त्यांनी उत्तर म्हणून मानल्या नाहीत, सहगुणकही सगळे धन ठेवले. म्हणून आज आपण ज्याला एकच वर्गसमीकरण म्हणतो, त्याचे त्यांना पाच-सहा प्रकार करावे लागले. पहिल्या घातातले आणि दुसऱ्या घातातले धरून एकूण सहा नमुने, आणि प्रत्येकाची वेगळी रीत. या बाबतीत ब्रह्मगुप्त दोनशे वर्षे आधी पुढे गेले होते. धन आणि ऋण यांचे नियम त्यांनी दिले होते. अल-ख्वारिज्मी यांचे मोठेपण दुसऱ्या गोष्टीत आहे. कोणतेही गणित द्या, ते जब्र आणि मुकाबल्याने या सहापैकी एका घरात आणून बसवता येते आणि मग ठरलेल्या पायऱ्यांनी सुटते, असे त्यांनी दाखवले. सुटी सुटी कोडी संपून तिथे एक शास्त्र सुरू झाले.

आणि ती रीत का बरोबर आहे, हे त्यांनी आकृती काढून सिद्ध केले. त्यांचे सर्वांत गाजलेले उदाहरण आजही जगभर शिकवले जाते. एक वर्ग आणि त्याची दहा मुळे मिळून ३९ होतात, तर मूळ किती? एक चौरस काढा, त्याची बाजू अज्ञात. आता चारही बाजूंना अडीच रुंदीचा एकेक आयत चिकटवा. चार अडीच म्हणजे दहा, तेव्हा चौरस आणि चार आयत मिळून क्षेत्रफळ ३९ झाले. पण आकृती अजून पुरी चौरस नाही. चारही कोपऱ्यांत खाचा राहिल्या आहेत. प्रत्येक खाच अडीच गुणिले अडीच, म्हणजे सव्वासहा. चार खाचा मिळून २५. त्या भरल्या की मोठा चौरस पुरा होतो आणि त्याचे क्षेत्रफळ ३९ अधिक २५, म्हणजे ६४. बाजू ८. दोन्हीकडचे अडीच-अडीच वजा केले की उरतात ३. दहावीच्या पुस्तकात पूर्ण वर्ग पद्धत या नावाने जी रीत येते, ती हीच. तिथे वर्ग पूर्ण करणे म्हणजे काय, हे बहुतेक मुले सूत्र म्हणून पाठ करतात. कोपऱ्यातल्या चार खाचा एकदा कागदावर काढल्या तर पाठ करायची गरज उरत नाही. आजच्या विद्यार्थ्याला या गणिताचे दुसरे उत्तर वजा १३ हेही लिहावे लागते. अल-ख्वारिज्मी यांच्यापुढे चौरसाची बाजू होती, आणि बाजू वजा कशी असणार?

मोजणीच्या भागात त्रिकोण, चौकोन आणि वर्तुळ येतात. त्यातले एक गणित सुंदर आहे. ज्याच्या दोन बाजू १० आणि पाया १२ आहे, अशा त्रिकोणात मोठ्यात मोठा चौरस पायावर बसवायचा. उत्तर चार पूर्णांक चार पंचमांश. जमिनीचा तुकडा पाडणाऱ्याला हे गणित नेमके लागते. वर्तुळाचा परीघ काढण्यासाठी त्यांनी तीन किमती दिल्या. व्यवहारासाठी तीन पूर्णांक एक सप्तमांश. दुसरी दहाचे वर्गमूळ, जी ब्रह्मगुप्त वापरत. आणि तिसरी ६२,८३२ भागिले २०,०००, जी आर्यभटांनी ४९९ साली दिली होती. तिसरी काढली तर ३.१४१६ येते.

पण ग्रंथाचा सर्वांत मोठा भाग वसियत आणि वारशाचा आहे, आणि गणिताच्या इतिहासकारांनी त्याकडे पुष्कळ काळ दुर्लक्ष केले. वारस, वारसा, मयत, हिस्सा, हिशेब हे सगळे शब्द मराठीने अरबीतूनच घेतले. तलाठ्याच्या कार्यालयात रोज हीच भाषा चालते. कुरआनच्या सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से अपूर्णांकांत सांगितले आहेत. मुले असतील तर मृत पत्नीच्या मालमत्तेतून पतीला चौथाई. मुलाला मुलीच्या दुप्पट. आणि बाहेरच्या कुणाला वसियतीने द्यायचे असेल तर ते मालमत्तेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. नियम स्पष्ट, पण प्रत्यक्षात अपूर्णांकांचा गुंता होई.

त्यांनी घेतलेले एक प्रकरण पाहा. एक बाई वारली. मागे पती, एक मुलगा आणि तीन मुली. एका परक्या माणसाला तिने मालमत्तेचा एक अष्टमांश अधिक एक सप्तमांश वसियतीने दिला आहे. दोन्हींची बेरीज १५ भागिले ५६. ही तृतीयांशाच्या आत आहे, म्हणून वसियत पूर्ण द्यायची. उरले ४१ भागिले ५६. त्याचे वारसांत वीस भाग करायचे. पतीचे पाच, मुलाचे सहा आणि प्रत्येक मुलीचे तीन. म्हणून सगळ्या मालमत्तेचे ५६ गुणिले २०, म्हणजे १,१२० भाग केले की कुणाच्याही वाट्याला तुकडा येत नाही. परक्या माणसाला ३००, पतीला २०५, मुलाला २४६ आणि तिन्ही मुलींना १२३-१२३. बेरीज बरोबर १,१२०.

इथे गणिताचे काम केवळ सोपेपणाचे नव्हते. मुलीचा हिस्सा १२३ आहे असे काझीच्या कागदावर आकड्यात आले, की भावाला तो समजुतीने, गोडीगुलाबीने किंवा दमदाटीने ११० करता येत नाही. बहिणीला माहेर हवे असेल तर तिने हक्कसोड लिहून द्यावे, असे म्हणणारी घरे आजही सगळ्याच समाजांत आहेत; कुरआनचे नाव रोज घेणारी घरे त्यातून सुटलेली नाहीत. रमजानमध्ये जकातचा हिशेब पैशापर्यंत चोख काढायचा आणि बहिणीचा हिस्सा मात्र मोघम ठेवायचा, हे अल-ख्वारिज्मी यांच्या वहीत बसले नसते. त्याच पानांत त्यांच्या काळाची काळी बाजूही आहे. मरणशय्येवर मालकाने मुक्त केलेल्या गुलामाची किंमत वारसांच्या हिश्श्यात कशी धरायची, याचीही गणिते तिथे आहेत. माणसाचा हिशेब दिरहमात होत होता, आणि त्यांनी तोही मांडला.

भूगोलातही त्यांनी हात घातला. सूरतुल अर्द या ग्रंथात २,४०२ ठिकाणांचे अक्षांश-रेखांश दिले आहेत. त्यात शहरे, पर्वत, समुद्र, बेटे आणि नद्या आहेत. ग्रीक विद्वान टॉलेमीने भूमध्य समुद्राची लांबी फार वाढवून सांगितली होती. ती अल-ख्वारिज्मी यांनी बरीच खरी केली. ॲस्ट्रोलेब हे वेधयंत्र आणि छायायंत्रे यांवरही त्यांचे लिखाण आहे.

मामून ८३३ साली रोमनांविरुद्धच्या मोहिमेत वारला. अल-ख्वारिज्मी पुढच्या खलिफांच्या काळातही होते. त्यांचा शेवटचा उल्लेख इतिहासकार तबरी यांच्याकडे येतो आणि तो थोडा विनोदी आहे. ८४७ साली खलिफा वासिक आजारी पडला. ज्योतिषी बोलावले गेले, कुंडली पाहिली गेली आणि खलिफाला अजून पन्नास वर्षे आयुष्य आहे असे सांगण्यात आले. दहा दिवसांत तो वारला. त्या ज्योतिष्यांच्या यादीत अल-ख्वारिज्मी यांचे नाव आहे. नावापुढे मजूसी, म्हणजे अग्निपूजक, असा शब्दही जोडलेला सापडतो, आणि त्यावरून त्यांच्या धर्माबद्दल बराच वाद झाला. काही अभ्यासकांच्या मते नकल करणाऱ्याकडून आणि या अर्थाचे एकच अक्षर गळाले आणि दोन माणसांचा एक माणूस झाला. अल-जब्रची प्रस्तावना तर एका श्रद्धाळू मुसलमानाचीच आहे. सुमारे ८५० मध्ये त्यांचे निधन झाले.

पुस्तके मात्र चालत राहिली. कॉर्डोबात त्यांच्या झीजची सुधारलेली आवृत्ती तयार झाली आणि ११२६ मध्ये बाथच्या ॲडेलार्डने ती लॅटिनमध्ये नेली. ११४५ मध्ये स्पेनमधल्या सेगोव्हियात चेस्टरच्या रॉबर्टने अल-जब्रचे भाषांतर केले, आणि तोलेदोत क्रेमोनाच्या जेरार्डने दुसरे. इटलीच्या फिबोनाचीने १२०२ मध्ये नव्या अंकांवर मोठा ग्रंथ लिहिला. तरी युरोपने ते सहज स्वीकारले नाहीत. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफ मंडळाने आपल्या सदस्यांना हिशेबाच्या वह्यांत हे अंक लिहायला मनाई केली आणि रकमा अक्षरी लिहायला सांगितल्या. अंकांत फेरफार करणे सोपे, ही भीती त्यामागे होती. आज आपण धनादेशावर अक्षरी रुपये लिहितो ते त्याच सावधगिरीने. अंकांवरचा मूळ अरबी ग्रंथ हरवला, लॅटिन रूपे उरली. लॅटिनमध्ये त्यांचे नाव अल्गोरित्मी झाले आणि नव्या रीतीने हिशेब करण्यालाच लोक अल्गोरिस्मस म्हणू लागले. काही शतकांनी हे एका माणसाचे नाव आहे, याचाच विसर पडला. कुणी अल्गस नावाच्या तत्त्ववेत्त्याने ही विद्या काढली, असेही लिहिले गेले. संगणकाच्या प्रत्येक वर्गात आज उच्चारला जाणारा अल्गोरिदम तो हाच. अल-जब्रचे अरबी मूळ सुदैवाने वाचले. ऑक्सफर्डमध्ये १३४२ सालची एक प्रत होती. तीवरून फ्रेडरिक रोझेन यांनी १८३१ मध्ये लंडनला मूळ आणि इंग्रजी भाषांतर छापले.

उर्दू माध्यमाच्या शाळेत मुले अलजबरा म्हणतात, मराठी माध्यमात बीजगणित. मराठीतला शब्द सह्याद्रीच्या परिसरात राहिलेल्या भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या ग्रंथावरून रुळला. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये त्यांची लीलावती फारसीत आणली. बीजगणिताचे फारसी भाषांतर १६३४-३५ मध्ये शाहजहानच्या काळात झाले. ते करणारे अताउल्लाह रशीदी हे ताजमहालाचे शिल्पकार मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरी यांचे पुत्र. संस्कृत बीजगणित आणि अरबी जब्र या दोन्ही वाटा ज्यांच्या टेबलावर एकत्र आल्या, ते अताउल्लाह पुढे दख्खनमध्ये आले आणि मराठवाड्यातला बीबी का मकबरा त्यांनी उभारला. मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर त्यांचे नाव आहे आणि शेजारी त्यांचे सहकारी अभियंता हंसपत राय यांचेही.